सच्छिद्र सिलिका : पृष्ठगुण आणि परिभाषा

चंडीमंदिराजवळून वाहणाऱ्या घग्गर नदीची वाळू आणि प्रयोगशाळेत घडविलेले सिलिकेचे अतिसूक्ष्म कण यांचे रासायनिक सूत्र मुख्यतः एकच होय : सिलिकॉनच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे दोन. तरीही दोहोंच्या वर्तनात मोठे अंतर पडते आणि ते प्रामुख्याने पृष्ठभागामुळे पडते. वाळूचा कण ०.२ मिलिमीटर व्यासाचा व गोल मानल्यास एक ग्रॅम वाळूचे पृष्ठ सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एका पोस्टकार्डाएवढे भरते. तेवढीच सिलिका १०० नॅनोमीटर व्यासाच्या भरीव गोलकांत विभागली, तर ते सुमारे २७ चौरस मीटर होते. मोबिल कंपनीच्या संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एमसीएम-४१ या सिलिकेत मात्र ते १,००० चौरस मीटरांच्या घरात जाते. पुरुषांच्या कबड्डीची सात मैदाने त्यात मावतील. अर्थात हे पृष्ठ बहुतांशी कणाच्या आत, काही नॅनोमीटर रुंदीच्या समांतर नलिकांच्या भिंतींवर असते.

मराठीत लिहिणाऱ्याची अडचण येथेच सुरू होते. ‘सच्छिद्र’ म्हणताच गळकी घागर डोळ्यांपुढे उभी राहते. येथील छिद्रे तर धरून ठेवणारी आहेत. भिंतींवर हायड्रॉक्सिल गट असतात. पूर्ण जलयुक्त पृष्ठावर चौरस नॅनोमीटरमागे ते सुमारे पाच भरतात आणि बाष्पाचे रेणू हायड्रोजन बंधाने त्यांना चिकटतात. या चिकटण्याला ‘अधिशोषण’ म्हणतात. शोषणात द्रव्य पदार्थाच्या अंतरंगात शिरते, जसा सोड्याच्या पाण्यात वायू. अधिशोषणात ते पृष्ठावरच राहते. ‘अधि’ या उपसर्गाचा ‘वर’ हा अर्थ ‘अधिष्ठान’, ‘अधिरोहण’ या शब्दांतही आहे. (नुसत्या ‘शोषणा’ला सामाजिक लेखनाने दिलेला अर्थ आणखी वेगळा.) हा भेद केवळ कोशकारांचा नव्हे. ब्रुनॉवर, एमेट व टेलर यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, उणे १९६ अंश सेल्सिअसला पृष्ठावर एकपदरी थर देण्यास नायट्रोजन किती लागतो यावरून क्षेत्रफळ काढतात. पाठ्यपुस्तकात ‘शोषण’ छापले गेले, तर वायू आत मुरल्यावर क्षेत्रफळ कसे कळणार, हा विद्यार्थ्याचा प्रश्न रास्तच ठरेल.

याच गटांमुळे सिलिकेला विद्युत्‌भारही येतो. सामू दोन ते तीनच्या दरम्यान असता पृष्ठ उदासीन असते. त्यापुढे ते ऋणभारित होते. औषधे धरून हळूहळू सोडण्याची तिची क्षमता अशा पृष्ठगुणांशी निगडित आहे. माद्रिदच्या मारिया व्हालेत-रेगी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एमसीएम-४१ मध्ये आयबुप्रोफेन साठविल्याचे प्रसिद्ध केले.

गट बदलले की स्वभाव पालटतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ए. व्यंकटेश्वर राव आणि सहकाऱ्यांनी मिथिल गटयुक्त सिलिका एरोजेल तयार केले. एरोजेल म्हणजे सूक्ष्म कणांचे सच्छिद्र जाळे. त्यातील बहुतेक जागा हवेची. या एरोजेलवर पाण्याचा थेंब पसरत नाही. त्याचा स्पर्शकोन १५० अंशांहून अधिक भरतो. अशा पृष्ठाला ‘जलद्वेषी’ म्हणतात, पण तेथे द्वेष कोठेच नाही : मिथिल गटांची पाण्यावरील ओढ दुर्बळ असते, पाण्याच्या रेणूंची परस्परांवरील प्रबळ. ‘जलविमुख’ हा शब्द वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. हवेत उच्च तापमानापर्यंत तापविल्यास मिथिल गट जळून जातात आणि तीच सिलिका पुन्हा पाणी धरू लागते.