दोन याद्यांचा मेळ

ग्रंथालयाची तालिका वस्तुतः दोन कामे करते. वाचकाला नको असलेले ग्रंथ ती बाजूस सारते आणि हव्या असलेल्या ग्रंथाचे इतर नोंदींशी असलेले नाते दाखविते. पहिले काम निवडीचे, दुसरे परस्परसंदर्भाचे. ही कामे संगणकाकडून करवून घेताना आज्ञावली बहुधा अकारण गुंतागुंतीची होते. मात्र ही अडचण संगणकाहून जुनी आहे.

शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९६२ साली त्यांनी बंगळूर येथे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आश्रयाने प्रलेखनाचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. त्यांची साखळीपद्धती येथे उपयोगी पडते. समजा, एका ग्रंथाचा विषय 'शेती – तृणधान्य – भात – रोग' असा आहे. ही चार पदे शक्य त्या सर्व क्रमांनी सूचीत मांडावयाची म्हटल्यास २४ नोंदी होतात. साखळीपद्धतीत प्रत्येक दुव्यास एक, अशा चारच नोंदी पुरतात. प्रत्येक नोंद वाचकाला वर्गांकाकडे पाठविते, आणि पुढील सर्व माहिती त्या वर्गांकापाशी एकदाच लिहिलेली असते. ब्रिटिश राष्ट्रीय ग्रंथसूचीने १९५० पासून दोन दशके हीच पद्धत वापरली.

आता एक्सएमएलकडे वळू. १९९८ साली प्रमाणित झालेल्या ह्या लेखनपद्धतीत प्रत्येक माहिती खुणांच्या जोडीत ठेवतात. ह्या खुणांची नावे देवनागरीतही देता येतात, ही गोष्ट अनेकांस ठाऊक नसते:

<ग्रंथ भाषा="मराठी" लेखक="ले७">…</ग्रंथ>
<लेखक क्रमांक="ले७">…</लेखक>

ग्रंथ २,००० आणि लेखक ५०० आहेत असे समजा. मराठी ग्रंथ तेवढे निवडून प्रत्येकापुढे लेखकाचे नाव छापावयाचे आहे. नवशिका प्रत्येक ग्रंथ घेतो, त्याच्यासाठी लेखकांची यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळतो, आणि भाषेची व क्रमांकाची अट दोन्ही आतल्या फेऱ्यात तपासतो. असे दहा लक्ष फेरे होतात. शिवाय अटीत अट शिरल्यामुळे आज्ञावली वाचणाऱ्यास कोणती अट निवडीची व कोणती संदर्भाची हेच उमगत नाही.

निवड प्रथम उरकावी. १९९९ साली प्रमाणित झालेल्या एक्सपाथ ह्या मार्गदर्शक भाषेत ती एका ओळीत होते:

ग्रंथ[@भाषा='मराठी']

ह्यातून १२० ग्रंथ उरले असे धरू. त्यानंतर लेखकांची यादी एकदाच वाचून क्रमांकावरून लेखक सापडेल अशी सूची करावी. त्याच वर्षीच्या एक्सएसएलटी भाषेत अशा सूचीस किल्ली म्हणतात. आता भाषेच्या २,००० तपासण्या, सूचीच्या ५०० नोंदी आणि १२० शोध, म्हणजे एकूण २,६२० पायऱ्या. वेगाचा लाभ मोठा आहे. परंतु निवड, सूची आणि जोडणी ही तीन कामे तीन जागी दिसू लागतात, हा लाभ त्याहून मोठा मानावा लागेल.

कारण खरा धोका वेगळाच आहे. एखाद्या ग्रंथावर 'ले७' असा क्रमांक आहे, पण लेखकांच्या यादीत तो नाही. नवशिक्याच्या आज्ञावलीत अशा ग्रंथासाठी कोणतीच ओळ छापली जात नाही. ग्रंथ कपाटात असतो, यादीत नसतो. वाचकाच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नाही, आणि चूक झाल्याची सूचनाही कोणास मिळत नाही. जोडणी वेगळी असली म्हणजे शोध रिकामा आला की ग्रंथ छापून लेखकाच्या जागी 'नोंद नाही' असे लिहिता येते. दोन्ही याद्या एकाच दस्तऐवजात असतील आणि क्रमांक व त्याचा संदर्भ हे रचनानियमांत तसे घोषित केले असतील, तर वैधता तपासणारा वाचक-प्रोग्राम हा दोष आरंभीच दाखवितो. मात्र असा क्रमांक अंकाने सुरू होऊन चालत नाही. म्हणूनच वर '७' न लिहिता 'ले७' लिहिले आहे.

क्रमांकाऐवजी नावावरूनच मेळ घातला तर? मराठीत हे विशेष घातक ठरते. 'कऱ्हाडे' ह्या आडनावातील अर्धा 'र' संगणकात दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिला जातो. डोळ्यांस दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्रास मात्र ती दोन भिन्न माणसे वाटतात, आणि युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही त्यांना एक करीत नाही.