रोहित्रातल्या तेलाची परीक्षा : एक दुर्लक्षित करिअर

दहावी-बारावीनंतर ‘इलेक्ट्रिकल’ म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर खांबावर चढलेला वायरमन येतो, नाहीतर वीज कंपनीतला इंजिनीअर. या दोघांच्या मधल्या एका कामाची चौकशी फारसे कुणी करत नाही. ते म्हणजे रोहित्रातल्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलाची तपासणी. विजेत आणि रसायनशास्त्रात थोडीथोडी गोडी असलेल्या, घाई न करणाऱ्या मुलामुलींनी या कामाचा जरूर विचार करावा. कारण इथे अनुभवाची किंमत वर्षागणिक वाढत जाते.

हे तेल वेटोळ्यांची उष्णता बाहेर नेते आणि निरोधकाचेही काम करते. ओलावा, उष्णता आणि ऑक्सिजन यांनी ते हळूहळू खराब होते, आम्लता वाढते, गाळ धरतो. तेलाची निरोधक ताकद मोजणाऱ्या बीडीव्ही, म्हणजे ब्रेकडाउन व्होल्टेज चाचणीत अडीच मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये हे तेल ठेवून व्होल्टेज सेकंदाला दोन किलोव्होल्ट या गतीने चढवतात. ठिणगी पडली की आकडा टिपायचा, आणि सहा वेळांची सरासरी काढायची. यंत्र चालवणे लवकर जमते, खरी कसोटी नमुना घेताना लागते. तेलात विरघळलेल्या वायूंच्या तपासणीसाठी, म्हणजे डीजीएसाठी, काचेच्या सिरिंजमध्ये तेल घेतात. आधी व्हॉल्व्ह पुसायचा, तोंडाशी साचलेले तेल वाहू द्यायचे, नंतर येणाऱ्या तेलाने सिरिंज धुऊन घ्यायची, मग सावकाश भरायची. बुडबुडा राहिला की हायड्रोजन तेलातून त्यात जातो. दमट हवेत निष्काळजीपणे नमुना घेतला की ओलाव्याचा आकडा खोटा येतो. मग प्रयोगशाळा कितीही महागडी असो, अहवाल चुकतोच.

त्याहून अवघड आहे तो अहवाल वाचणे. हायड्रोजन वाढला तर आंशिक विसर्जनाचा (पार्शल डिस्चार्जचा) संशय येतो, इथिलीन वाढला तर तेल कुठेतरी फार तापत असल्याचा, आणि अ‍ॅसिटिलीन दिसला तर आत ठिणग्या उडत असल्याचा. कॅनडातल्या हायड्रो-क्युबेकच्या मिशेल डुव्हाल यांचा त्रिकोण मिथेन, इथिलीन आणि अ‍ॅसिटिलीन यांच्या प्रमाणावरून दोष ओळखायला जगभर वापरला जातो. पण व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या टॅप चेंजरच्या कप्प्यातले तेल मुख्य टाकीत पाझरले, तरीही अ‍ॅसिटिलीन दिसतो. वेटोळी मात्र ठणठणीत असतात. रोहित्र बंद करायचे की चालू ठेवून महिनाभराने पुन्हा नमुना घ्यायचा, हे एका आकड्यावरून ठरत नाही. मागचे अहवाल, भार आणि दुरुस्तीची नोंदवही समोर ठेवून ते ठरवावे लागते. शिवाय तेल गाळता येते, बदलता येते, पण वेटोळ्यांवरचा निरोधक कागद एकदा ठिसूळ झाला की पूर्ववत होत नाही. त्या कागदाच्या अवस्थेचा अंदाज, तो झिजताना तेलात उतरणाऱ्या फ्युरान संयुगांवरून बांधतात.

‘आता सेन्सर आले, मग माणूस कशाला?’ ही पालकांची शंका रास्त आहे. मोठ्या रोहित्रांवर वायू मोजणारी यंत्रे बसू लागली आहेत. पण ती महाग असल्याने गावोगावच्या डीपींवर बसत नाहीत, आणि जिथे बसली तिथेही इशाऱ्याची खात्री करून निर्णय घ्यायला जाणकार लागतोच. नुसते यंत्राचे बटण दाबणाऱ्याची जागा मात्र जाईल, हे मान्य करायला हवे. दुसरी शंका पगाराची. सुरुवात बहुधा कंत्राटी, पगार बेताचा, आणि कपडे तेलकट होतात. पहिल्याच वर्षी मोठा आकडा हवा असेल तर हे क्षेत्र निवडू नये. पण वीज कंपन्या, कारखाने, रेल्वे, सौर प्रकल्प, रोहित्र बनवणारे आणि दुरुस्त करणारे अशा सगळ्यांना ही तपासणी लागते, त्यामुळे एकाच दारावर अवलंबून राहावे लागत नाही.

आयटीआय इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रिकल डिप्लोमा किंवा रसायनशास्त्रातली बीएस्सी, यांपैकी कुठल्याही वाटेने इथे येता येते. बंगळुरूची सीपीआरआय आणि वडोदऱ्याची एर्डा या वीज-संशोधन संस्था या विषयात जाणत्या आहेत. पहिली नोकरी धरताना प्रयोगशाळेला, प्रयोगशाळांना मानांकन देणाऱ्या एनएबीएलची मान्यता आहे का, हे विचारावे. नवख्यांना जुने अहवाल वाचू देतात का आणि नमुना घ्यायला साइटवर नेतात का, हेही आवर्जून विचारावे. या शेवटच्या दोन्ही प्रश्नांना होकार मिळाला, तर पगार थोडा कमी असला तरी ती जागा घ्यावी.