‘फेज’ या शब्दाचे प्रतिशब्द

इंग्रजीतून मराठीत अनुवाद करताना ‘फेज’ या शब्दासाठी ‘टप्पा’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. पुष्कळ ठिकाणी तो योग्यही असतो. २०२४ ची लोकसभा निवडणूक देशात सात टप्प्यांत झाली. महाराष्ट्रातील मतदान त्यांपैकी पहिल्या पाच टप्प्यांत पार पडले. काम एकच, पण ते विभागून क्रमाने पूर्ण केले गेले. ‘टप्पा’ या शब्दात मुळातच अंतराची कल्पना आहे. प्रवासाचा टप्पा असतो, चेंडूचा टप्पा पडतो, दूरची वस्तू नजरेच्या टप्प्यात येते. त्यामुळे योजना, बांधकाम, मतदान यांना तो शोभतो.

चंद्राच्या बाबतीत मात्र हा शब्द चालत नाही. ‘फेज’ ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ ‘दिसणे, प्रकट होणे’ असा आहे. चंद्र स्वतः लहानमोठा होत नाही. ग्रहणाचा काळ सोडला, तर त्याचा अर्धा भाग सूर्यप्रकाशाने नेहमीच उजळलेला असतो. त्यातील किती भाग पृथ्वीवरून दिसतो, एवढेच सुमारे साडेएकोणतीस दिवसांच्या चक्रात बदलत जाते. (हा पृथ्वीच्या सावलीचा परिणाम होय, असा चुकीचा समज सुशिक्षितांतही आढळतो.) या बदलत्या दिसण्याला मराठीत ‘कला’ हा नेमका शब्द आहे. चंद्र कलेकलेने वाढतो. ‘चंद्राचे टप्पे’ असे लिहिल्यास क्रम तेवढा उरतो, दिसणे हरवते.

वयात येणाऱ्या मुलाच्या हट्टीपणाविषयी ‘ही एक फेज आहे’ असे शहरातील पालक म्हणतात. हे फार दिवस टिकणार नाही, हा त्यातील दिलासा ‘अवस्था’ या शब्दाने पोहोचत नाही. ‘या वयात असे व्हायचेच’ हे साधे वाक्य तो पोहोचवते. नामासाठी नामच शोधले पाहिजे, असे नाही.

दिल्लीतील ‘मयूर विहार फेज वन’ किंवा पुण्याजवळील ‘हिंजवडी फेज थ्री’ येथे तर हा शब्द विशेषनामाचाच भाग झाला आहे. त्याचा अनुवाद करू नये.

विजेच्या संदर्भात प्रश्न अधिक नाजूक आहे. थ्री फेज पुरवठ्यात तीन तारांमधील दाब एकाच वेळी शिखर गाठत नाहीत. ते एकामागोमाग, चक्राच्या एकतृतीयांश अंतराने शिखरावर येतात. शास्त्रीय लेखनात यासाठीही ‘कला’ हा शब्द वापरतात आणि तेथे तो योग्य आहे. परंतु चालू पंपाची एक फेज गेली, तर उरलेल्या दोन तारांतून जास्त प्रवाह वाहून मोटर जळू शकते. पंपावरील सूचनेत ‘एक कला खंडित झाल्यास’ असे छापले, तर विहिरीवर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्यातील धोका कळणार नाही. ‘एक फेज गेल्यास मोटर ताबडतोब बंद करावी’ हे वाक्य वाचताच त्याचा हात स्टार्टरकडे जाईल.