बर्फात विषाणू मरत नाही

नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केलं : एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. बाधित मांस खाण्यातून लागण झाली असावी, असा संशय होता. ती बातमी वाचून मी धास्तावले. मांजर वाघाच्याच कुळातलं, आणि पाचगणीत माझा धंदा कुत्र्यामांजरांचं ताजं खाणं बनवण्याचा.

त्याच सुमारास ‘कच्चंच द्या, ते नैसर्गिक’ असा काही गिऱ्हाइकांचा आग्रह सुरू झाला होता. कोंबडीच्या माना, पाय, कलेजी स्वस्तात देणारा एक पुरवठादारही आला. “ताई, आठवडाभर डीप फ्रीझरला होतं, काय राहणार त्यात?” माल कोणत्या शेडमधला, हे मात्र त्याला सांगता येईना. मी तो परत पाठवला. गोठवल्याने हा विषाणू मरत नाही, उलट टिकतो. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये टर्कीचं गोठवलेलं कच्चं खाणं खाऊन घरातलं मांजर मेलं. डिसेंबर २०२४ मध्ये ते खाणं बाजारातून परत मागवावं लागलं. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये निर्जंतुक न करताच विकलेल्या बदकाच्या खाण्यात हाच विषाणू सापडला.

त्याला मारते ती उष्णता. मांस आतपर्यंत किमान ७० अंश सेल्सिअस तापलं पाहिजे. वरून उकळी दिसली म्हणून भागत नाही. सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यात थर्मामीटर खुपसून बघा, रोजच्या वहीत आकडा लिहा. शिजवूनही घात होतो तो इथे : कच्च्याची सुरी, तोच ओटा, तेच हात शिजलेल्याला लागतात. दोन्ही बाजू वेगळ्या ठेवा, भांडीसुद्धा. पुरवठादाराचे क्रेट दाराबाहेरच रिकामे करून घ्या. शेडचं नाव आणि तारीख मिळत नसेल तर माल नको, मग तो कितीही स्वस्त असो. आपल्याकडच्या गारठ्यात विषाणू जास्त काळ तग धरतो, म्हणून पावसाळ्या-हिवाळ्यात अधिकच जपायचं.

कच्चं मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी स्पष्ट नाही म्हणते. काही तुटले, त्याचं वाईट वाटतं, पण नियम बदललेला नाही.

मांजराने खाणं सोडलं, ताप आला, धाप लागली किंवा तोल जाऊ लागला तर लगेच डॉक्टरांना दाखवा, आणि ते काय खात होतं तेही सांगा. कावळे-कोंबड्या एकाएकी मेलेल्या दिसल्या तर उघड्या हाताने उचलू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा.