खोकला आणि कोपऱ्यावरचा दवाखाना

वॉर्डात ड्युटी करत होतो तेव्हा क्षयरोगाच्या प्रत्येक नव्या रुग्णाला आम्ही एक प्रश्न विचारायचो, आणि रागावूनच विचारायचो. "इतके दिवस काय करत होतात? आधी का नाही आलात?" खोकून खोकून दमलेली बाई मान खाली घालायची. आम्हाला वाटायचे, आपले लोक निष्काळजी आहेत.

पुढे नोकरी सोडली, वस्त्यांमधून फिरू लागलो, घरात बसून बोलू लागलो, तेव्हा खरे उत्तर मिळाले. ती बाई घरी बसून नव्हतीच. ती दवाखान्यात जात होती, पैसे मोजून जात होती.

एका ताईंची गोष्ट सांगतो. चार घरची धुणीभांडी करायच्या. खोकला सुरू झाला तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरने सुई मारली आणि तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. बरे वाटले. पंधरा दिवसांनी पुन्हा खोकला आला. दुसऱ्या डॉक्टरने अशक्तपणा सांगून सलाईन लावले. तिसऱ्याने रक्त तपासले आणि खोकल्याचे महागडे औषध दिले. थुंकी तपासायला कोणीच सांगितले नाही. तीन महिने असे गेले. निदान झाले तेव्हा ताईंचे वजन नऊ किलोने उतरले होते आणि त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीलाही रोज संध्याकाळी ताप येऊ लागला होता. उशीर झाला होता, पण तो ताईंनी केलेला नव्हता.

खासगी डॉक्टर टाळता येतो का?

नाही, आणि तसे सांगण्यात अर्थही नाही. सरकारी दवाखान्याची वेळ सकाळची. त्या वेळी गेले तर रोज बुडतो. कोपऱ्यावरचा डॉक्टर रात्री दहापर्यंत बसतो, ओळखीचा असतो, वेळेला उधारही ठेवतो. म्हणून खोकल्याचा माणूस बहुतेक वेळा आधी त्याच्याकडेच जातो. क्षयरोग लवकर सापडायचा असेल तर तो याच डॉक्टरच्या टेबलासमोर सापडला पाहिजे.

तिथे तो का निसटतो, यावर मुंबईतच अभ्यास झाले आहेत. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईतल्या वस्तीत काम करणाऱ्या शंभर खासगी डॉक्टरांनी क्षयरोगासाठी ऐंशी वेगवेगळ्या पद्धतींची औषधे लिहिली होती. २०१० साली धारावीतल्या १०६ डॉक्टरांना क्षयरोगाची चिठ्ठी लिहायला सांगितले, तर फक्त सहा जणांची चिठ्ठी बरोबर निघाली. नंतर मुंबई आणि पाटण्यात प्रशिक्षण दिलेली माणसे रुग्ण बनून हजाराहून जास्त दवाखान्यांत गेली. साधारण तीनातल्या एकाच भेटीत त्यांना योग्य वागणूक, म्हणजे योग्य तपासणी किंवा योग्य ठिकाणी पाठवणे, मिळाले.

सगळे डॉक्टर लबाड असतात असा याचा अर्थ नाही. वस्तीतल्या अनेक डॉक्टरांचे शिक्षण होमिओपॅथी किंवा आयुर्वेदाचे असते. तपासणी महाग, रुग्णाच्या खिशात पैसे नाहीत, आणि लगेच आराम पडला नाही तर रुग्ण दुसरीकडे जाणार ही भीती. मग डॉक्टर अंदाजाने औषध देतो. त्यात दोन औषधे फार घात करतात. एक स्टेरॉइड, ज्याने ताप-खोकला दबतो आणि आजार आत वाढत राहतो. दुसरे लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखे अँटिबायोटिक, ज्याने क्षयरोगाचे जंतू थोडे दिवस दबतात. रुग्णाला वाटते बरे झालो, आणि निदान लांबते.

जोडून घेतले तर काय होते?

२०१४ पासून मुंबईत एक प्रयोग झाला. पालिकेच्या क्षयरोग कार्यक्रमाने एका संस्थेमार्फत वस्त्यांमधल्या खासगी डॉक्टरांना जोडून घेतले. डॉक्टरने संशयित रुग्णाला कूपन द्यायचे, रुग्णाने ठरलेल्या ठिकाणी छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी करून घ्यायची, निदान झाले तर औषधे मोफत, आणि डॉक्टर मात्र तोच. खासगीतून होणाऱ्या नोंदी त्यानंतर खूप वाढल्या. डॉक्टर तेच होते. त्यांच्या हातात तपासणी आली, एवढाच फरक.

कायदाही आहे. मे २०१२ पासून प्रत्येक खासगी डॉक्टरने क्षयरोगाचा रुग्ण सरकारला कळवणे बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनुसार न कळवणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. नोंद केल्याबद्दल डॉक्टरला मानधनही मिळते. २०२३ साली देशात सुमारे साडेपंचवीस लाख रुग्णांची नोंद झाली. त्यातले जवळपास एक तृतीयांश खासगीतून आले.

नोंद म्हणजे नाव बदनाम होणे नव्हे. निक्षय या सरकारी यादीत नाव गेले की उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा पैसे बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये आहे, आणि खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यालाही तिचा हक्क आहे. घरातल्या बाकीच्यांची तपासणीही नोंदीमुळेच सुरू होते. त्या ताईंच्या मुलीचे निदान तसेच झाले.

डॉक्टरला हे चार प्रश्न विचारा

१. "खोकल्याला दोन आठवडे झाले, थुंकी तपासायची का?" संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे किंवा थुंकीत रक्त असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

२. "जीन तपासणीची चिठ्ठी द्याल का?" सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. सीबीनॅटचा निकाल यंत्रातून सुमारे दोन तासांत निघतो. क्षयरोग आहे की नाही आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, दोन्ही कळते. रक्तातल्या अँटिबॉडीवरून क्षयरोग ठरवणाऱ्या तपासण्यांवर २०१२ साली बंदी आली आहे. त्यावर पैसे घालवू नका.

३. "या गोळ्यांत स्टेरॉइड आहे का?" सुट्या पुडीतल्या गोळ्या घेऊ नका. औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी मागा.

४. "माझी नोंद केलीत का? निक्षय नंबर काय?" नंबर मिळत नसेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात, आशाताईंकडे किंवा १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर विचारा.

थुंकी देताना लाळ देऊ नका. पाण्याने चूळ भरून, उघड्यावर उभे राहून, छातीतून खोकून बेडका काढा. आणि साध्या क्षयरोगाचा कोर्स सहा महिन्यांचा असतो हे विसरू नका. दोन महिन्यांत अंगात ताकद येते, कामावर जाता येते, आणि तिथेच बरेच जण गोळ्या सोडतात. अर्धवट सोडलेला कोर्स जंतूंना औषध पचवायला शिकवतो.

आता आम्ही काय करतो तेही सांगतो. महिला मंडळातल्या दोघी-तिघी मिळून वस्तीतल्या प्रत्येक दवाखान्यात जातो. भांडायला जात नाही. जवळच्या तपासणी केंद्राचा पत्ता आणि वेळ लिहिलेला कागद डॉक्टरच्या टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "डॉक्टर, पंधरा दिवसांचा खोकला आला तर इथे पाठवा. परत तुमच्याकडेच येतील." काही जण कागद बाजूला सारतात. काही जण काचेखाली ठेवतात. आमच्या शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरने ठेवला, आणि त्याच महिन्यात दोन जणांना पाठवले.

"आधी का नाही आलात?" हा प्रश्न आम्ही रुग्णाला विचारणे सोडले आहे. "आधी का नाही पाठवलेत?" हा प्रश्न डॉक्टरला विचारतो. तुम्हीही विचारा. फी आपण देतो, तेव्हा विचारायचा हक्कही आपला आहे.