छोट्या मोटारीची नंबरपाटी

घरात जुने शिवणयंत्र असेल तर त्याच्या काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी नीट पाहा. ती ब्रशाने रंगवलेली नसते. कागदावर छापलेले चित्र तेथून सोडवून यंत्रावर बसवलेले असते. अशा चित्राला डेकल म्हणतात. मोटारींच्या प्रतिकृती करणारे हौशी लोक नंबरपाट्या आणि टॅक्सीवरची अक्षरे याच युक्तीने चिकटवतात.

आपण प्रीमियर पद्मिनी ही गाडी घेऊ. ती कुर्ल्याला तयार होई. याच कंपनीचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर होता. १९९० नंतरच्या दशकात तेथे प्यूजो ३०९ ही गाडी तयार होत असे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. तेव्हा तुमच्यापैकी पुष्कळांना पद्मिनी आता प्रतिकृतीतच भेटणार, आणि म्हणून ती मापाला बरोबर हवी.

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीची लांबट पाटी ५०० × १२० मिमी असते. अक्षराची उंची ६५ मिमी आणि रेघेची जाडी १० मिमी. प्रतिकृतीचे प्रमाण १:२४ असेल तर प्रत्येक लांबीला २४ ने भागायचे. पाटी झाली २०.८ × ५ मिमी. तिच्यावर ठाण्याची गाडी असेल तर ‘एमएच ०४’, कल्याण-डोंबिवलीची असेल तर ‘एमएच ०५’ लिहा. पुढचे आकडे तुमच्या आवडीचे.

आता माझी फजिती सांगतो. १:२४ साठी काढलेली पाटी मला १:४३ च्या गाडीला हवी होती. त्रेचाळिसातून चोवीस गेले, उरले एकोणीस. मी झेरॉक्सच्या दुकानात ऐटीत सांगितले, “एकोणीस टक्के लहान करा.” पाटी आली १७ मिमी रुंद, आणि गाडी सगळी मिळून ३४ मिमी! खऱ्या पद्मिनीची रुंदी सुमारे १४६० मिमी, म्हणजे पाटी तिच्या साधारण एक-तृतीयांश. माझी झाली निम्मी. येथे वजाबाकी चालत नाही, भागाकार लागतो: २४ ÷ ४३ = ०.५६. यंत्रावर ५६ टक्के लावायचे. क्षेत्रफळ मात्र ०.५६ × ०.५६, म्हणजे ३१ टक्केच उरते. डेकलचा कागद महाग असतो. त्याच कागदावर आता तिप्पट पाट्या मावतात, हा आपला फायदा.

खोक्यावर छापलेल्या प्रमाणावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. खेळण्यातली गाडी पट्टीने मोजा. खरी पद्मिनी सुमारे ३९३० मिमी लांब. तुमची ७५ मिमी भरली तर ३९३० ÷ ७५, म्हणजे प्रमाण १:५२ च्या आसपास. आता १:२४ ची पाटी किती टक्के करावी लागेल, ते तुम्हीच काढा.

गाडी लहान होते, पण काही गोष्टी तिच्याबरोबर लहान व्हायला तयार नसतात. छपाईयंत्राचे ठिपके हे पहिले उदाहरण. इंचाला ३०० ठिपके असतील तर एक ठिपका ०.०८५ मिमी. १:६४ च्या गाडीवर अक्षराची रेघ ०.१६ मिमी, म्हणजे जेमतेम दोन ठिपके. शाई किंचित पसरली की इंग्रजी आठाची दोन्ही भोके बुजतात. तेथे ६०० ठिपक्यांचे यंत्र वापरा. दुसरी गोष्ट चित्राच्या पापुद्र्याची. समजा तो ०.०२ मिमी जाड आहे. १:४३ च्या हिशेबाने खऱ्या गाडीवर तो ०.८६ मिमी होईल, जवळजवळ मोटारीच्या पत्र्याएवढा! म्हणूनच डेकलची कड डोळ्यात भरते. ती रेघेलगत कापावी.

टॅक्सीची काळी बाजू आणखी एक गंमत दाखवते. पारदर्शक पापुद्र्यावर छापलेला पिवळा रंग काळ्यावर ठेवताच नाहीसा होतो. छपाईची शाई रंगीत काचेसारखी असते. प्रकाश तिच्यातून आत जातो आणि खालच्या पांढऱ्यावरून परत येतो, तेव्हा आपल्याला पिवळे दिसते. खाली काळा असेल तर परत काय येणार? घरगुती यंत्रात पांढरी शाई नसते, म्हणून येथे पांढऱ्या पापुद्र्याचा डेकल-कागद घ्यावा लागतो.

शाई फवारणाऱ्या यंत्रावर छापले असेल तर आधी पारदर्शक वार्निशाचे दोन पातळ हात द्या, नाहीतर शाई पाण्यात विरघळेल. लेसर यंत्राची भुकटी प्लॅस्टिकची असते आणि उष्णतेने चिकटते, तिला पाण्याची भीती नाही. मग कापलेला तुकडा थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा. कागद आणि पापुद्रा यांच्यामधला डिंक विरघळतो. चित्र सरकू लागले की ते ओल्या गाडीवर ढकला, ओल्या ब्रशाने जागेवर आणा आणि मधून कडेकडे पाणी टिपून काढा. गाडीचा रंग खरखरीत असेल तर खाली हवा अडकून चंदेरी डाग पडतात. म्हणून चकचकीत वार्निश आधी मारलेले बरे. बंपरखालची पाटी सपाट असल्याने सोपी जाते. बॉनेटच्या फुगीर कोपऱ्यावर मात्र सपाट कागद सुरकुती पाडल्याशिवाय बसत नाही. पुरीवर कागदाचा तुकडा बसवून पाहा, म्हणजे कारण लक्षात येईल.