शयनगृहातील मनीप्लांट

प्रश्न : शयनगृहाच्या खिडकीत मनीप्लांट आणि स्नेक प्लांट ठेवले आहेत. झाडे रात्री प्राणवायू ओढतात, ती बाहेर काढा, असा सासूबाईंचा आग्रह आहे. पानांची टोकेही करपू लागली आहेत. काय करावे? — एक वाचक भगिनी, शिरूर

उत्तर : सासूबाईंची काळजी आपुलकीची आहे, परंतु वनस्पती रात्री श्वसनासाठी प्राणवायू घेत असल्या, तरी दोन-चार कुंड्यांची ही गरज त्याच खोलीत निजणाऱ्या एका माणसाच्या गरजेच्या मानाने इतकी नगण्य असते, की तिच्यापायी कोणास अपाय होण्याचा संभव नाही. मंद उजेडात तग धरणारी, पाण्याची हेळसांड सोसणारी आणि आपल्याकडच्या रखरखीत वैशाखात डोळ्यांना हिरवा विसावा देणारी ही झाडे खुशाल घरात राहू द्यावीत.

टोके करपण्याचे कारण बहुधा पाण्यात सापडेल. बोअरचे जड पाणी वापरत असाल आणि मातीवर पांढरा थर धरला असेल, तर तो क्षारांचाच समजावा. तो खरवडून, साठवलेले पावसाचे पाणी तळातून निथळेपर्यंत द्यावे. पुढे वरची माती बोटभर सुकल्याखेरीज पाणी घालू नये, कारण स्नेक प्लांटची मुळे अतिरेकानेच कुजतात.

एक ताकीद मात्र अवश्य द्यावीशी वाटते : या दोन्हींची पाने चघळल्यास तोंडाची आग होते, सबब घरात रांगते मूल असल्यास कुंड्या त्याच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवाव्यात, आणि मनीप्लांट बाटलीत लावला असल्यास डासांची पैदास टाळण्याकरिता पाणी दर आठवड्यास बदलावे.